पाणी नाही, असं मी सांगितलं

ताई, तुम्हाला आम्ही जाळलं.

हे आधी सांगून टाकते. प्रस्तावना करत बसणारी माणसं तुम्हाला आवडत नव्हती आणि मला तर वेळच नसतो. देहदान करा, असं तुम्ही सांगितलं होतं. घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, भाकरीचा आणखी एक तुकडा मागावा इतक्या सहज. आणि ते काम सख्ख्या भावाकडे न देता माझ्याकडे, भावजयीकडे दिलं होतं. "बाळूला जमायचं न्हाई, तो रडत बसंल. सुमन करील. तिचं डोकं जाग्यावर असतंय," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी मशीनवर बसून शाळेच्या गणवेशाला खिसे लावत होते. मान वर न करता मी म्हणाले, "हाव, करते की."

केलं नाही.

उदगीरभर आता असं झालंय की लातूरला मेडिकल कॉलेजात पाणी नव्हतं, म्हणून त्यांनी ताईंचा देह घेतला नाही. कॉलेजातलं कुणी असं म्हणालं नव्हतं. ते मी म्हणाले होते. मी कॉलेजला फोनच केला नव्हता.

आणि काल वकीलसाहेब घरी आले होते. उदगीर जिल्हा व्हावा, या मागणीसाठी ते अंक काढतायत. त्यात तुमच्यावर एक लेख पाहिजे, तो मीच लिहावा आणि पाण्याची गोष्ट त्यात ठळक यावी, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, लिहिते. तो हा लेख. छापायचा की नाही ते त्यांनी बघावं.

धर्माबादहून लग्न होऊन मी तुमच्या घरात आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांपेक्षा मिरच्या जास्त होत्या. आमच्याकडच्या बाजारातल्या, आईनं निवडून दिलेल्या. पहिल्या रविवारी मी कालवण केलं. हे तांब्यानं पाणी पीत सुटले, सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि तुम्ही नाकाडोळ्यांतून पाणी गळत असताना मला समजावून सांगत होतात की तिखट ही चवच नव्हे. "जिभेला जिथं चटका कळतो ना, तिथंच ही मिरची जाऊन बसती. मग मेंदूला खबर जाती, आग लागली म्हणून. आग कुठं लागलीय? कुठंच न्हाई. खोटी खबर." नवी नवरी होते तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "खोटी खबर हाय तर मग रडून का राहिलात?" सासूबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. त्या दिवसापासून आपलं जमलं. जमलं म्हणजे भांडण सुरू झालं.

तुम्ही मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचात. शाळा सुटली तरी तुमचं शिकवणं सुटायचं नाही. मी कपडे बेतत असायची, तुम्ही दाराच्या उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन बसायचात आणि आपलं डोकं कसं चालतं, तारे कसे विझतात, माणूस कशासाठी आहे, असलं काही काढायचात. माझ्या गिऱ्हाइकांनाही सोडत नव्हतात. ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बाईला तुम्ही एकदा विचारलं होतं, "स्वतःच्या हातानं गुदगुल्या का होत न्हाईत, माहीत हाय का?" ती बिचारी मापाचा जुना ब्लाऊज विसरून गेली. मी चिडले. तुम्ही म्हणालात, "अगं पण ती घरी जाऊन आज स्वतःला गुदगुल्या करून बघणार. तुझा ब्लाऊज घालून नुसतं लग्नाला जाणार होती."

तुमच्या या बोलण्याला मी फजूल म्हणायची. आज लिहायला बसले तर तेच सगळं आठवतंय आणि मी शिवलेल्या शेकडो ब्लाऊजांतला एकही आठवत नाही.

आपलं मोठं भांडण एकच होतं. ते संपलं नाही. तुमचं म्हणणं असं की मेंदू आधी ठरवतो आणि कारण मागून शोधतो. शोधलेलं कारण तो आपल्यालाच इतक्या खात्रीनं सांगतो की आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही त्या रोग्यांची गोष्ट सांगायचात. फेफऱ्याच्या आजारासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला दुवा डॉक्टरांनी कापला होता, ती माणसं. एका अर्ध्याला चिठ्ठी दाखवली, उठून चाल. माणूस उठला, चालायला लागला. विचारलं, कुठं निघालास? बोलण्याचं काम दुसऱ्या अर्ध्याकडे. त्यानं चिठ्ठी बघितलेलीच नाही. पण 'माहीत नाही' असं काही तो म्हणाला नाही. लगेच म्हणाला, काहीतरी थंड प्यायला आणायला चाललोय.

"खोटं बोलला," मी म्हणाले.

"न्हाई ना! खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतंय. ह्याला माहीतच नव्हतं. त्याला खरंच वाटलं की आपल्याला तहान लागली."

"त्याचा मेंदू कापलेला होता. माझा नाही कापलेला. मी आधी माप घेते, मग कात्री लावते. आधी कात्री लावून मागून माप काढलं असतं तर हे दुकान चाललं नसतं."

"कापडाचं बोलून नगं राहू. तुझ्या लग्नाचं बोल. बाळूला हो का म्हणालीस?"

"सरकारी नोकरी होती."

"बाजार समितीची नोकरी सरकारी नसते, सुमन."

"मला काय माहीत होतं तेव्हा!"

"तेच तर म्हणून राहिले मी!" तुम्ही उंबऱ्यावर हात आपटून हसलात. तुम्हाला स्वतःच्या बाबतीतही हाच नियम होता. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर दर वेळी वेगळं कारण सांगायचात आणि वर म्हणायचात, यातलं खरं कोणतं ते मलाबी माहीत न्हाई. मी मात्र हरले नव्हते. मी म्हणायची की इतरांचं असेल तसं. माझं डोकं आधी कारण बघतं. तुम्ही म्हणायचात, एक दिवस तुझं तुलाच दिसंल. मी म्हणायची, दिसलं की सांगीन.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे दुष्काळाच्या पहिल्या वर्षी, तुम्ही संध्याकाळी गच्चीवर बाज टाकून पडायचात. दिवेलागणीला वीज जायची आणि तुम्हाला आनंद व्हायचा. गावात वीज गेल्यावर आनंद होणाऱ्या तुम्ही एकट्याच. मी वाळलेले कपडे काढायला वर आले की माझा हात धरून बसवायचात. तिथंच तुम्ही मला स्वातीचा तारा दाखवला होता, डोक्यावर जरा पूर्वेला, नारिंगी झाक असलेला.

"हा जो उजेड आता तुझ्या डोळ्यांत पडून राहिला ना, तो निघाला तेव्हा लातूर जिल्हा झाला नव्हता. मी शाळेत नवी लागले होते. कागदावर आपला जिल्हा उस्मानाबाद होता. उजेड निघाला उस्मानाबाद जिल्ह्यात यायला, आणि वाटेतच आपला जिल्हा बदलला."

"मग पत्ता चुकला असंल त्याचा."

"चुकला न्हाई. बरोबर आला. पाट्या आपण बदलल्या, त्याला काय त्याचं."

मग तुमचं ठरलेलं सुरू झालं. रक्तातलं लोखंड कुठल्या तरी ताऱ्याच्या पोटात शिजलंय. तारा फुटला, धूळ झाली, धुळीचे आपण झालो. आणि त्या धुळीतलं सव्वा-दीड किलो डोक्यात जाऊन बसलं आणि उलटून ताऱ्याकडे बघायला लागलं. "एवढ्या मोठ्या पसाऱ्यात बघणारं कुणी नसतं तर? असून नसल्यासारखंच ना? मला वाटतं, माणूस बघायसाठी हाय. दुसरं काय काम असणार त्याचं?"

"सध्या टँकरच्या रांगेत उभं राहायचं काम हाय त्याला," मी म्हणाले. "आणि बघून झाल्यावर भांडी कोण घासणार?"

"भांडी घासताना बघता येत न्हाई का?"

मी उठले. कपडे खाली न्यायचे होते. जिन्यावरून तुमचं बोलणं ऐकू येत होतं. मी गेल्यावरही तुम्ही बोलतच होतात. कुणाशी, देव जाणे. देवाचं नाव तुम्हाला चाललं नसतं.

दिवाळीनंतर तुम्हाला झटका आला आणि उजवा हात गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तुम्ही आधी काय केलंत, तर यांना सांगितलंत की इजा डाव्या बाजूला झाली म्हणून उजवा हात गेला, मेंदूच्या तारा अशा बाजू ओलांडून जातात. बोलणं जड झालं होतं, एकेका शब्दासाठी थांबत होतात, तरी शिकवलंत. हे बाहेर जाऊन रडून आले. मी डॉक्टरला औषधं विचारून घेतली.

पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. आडात दोरी पुरेना, बोअरमधून हवा यायला लागली. धर्माबादला आम्ही तेलुगू शेजाऱ्यांसारखं पाण्याला नीळ्ळु म्हणायचो. उदगीरच्या अर्ध्या बाजारात कानडी नीरु चालतं. तुम्ही म्हणालात, नावं बघ किती, आणि पाणी कुठल्याही नावानं हाक मारली तरी येईना. नळाला कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून मी दोन मोठ्या काळ्या टाक्या आणल्या आणि गच्चीवर बसवल्या. खाली खांब होता तिथंच वजन पेलणार होतं. तुमची बाज होती तिथंच. मी बाज उभी करून भिंतीला लावली. तुम्हाला आता जिना चढता येणार नव्हताच, असा मी विचार केला. तुम्हाला विचारलं नाही. टाक्या चढवताना तुम्ही खालून बघत होतात. म्हणालात, "बरोबर हाय. पाणी आधी." एवढंच. तुम्ही एवढंच बोलून थांबलात म्हणजे काहीतरी राहिलं, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

झटका आला तेव्हापासून तुमचे केस मी विंचरायला लागले. डावा हात तुमचा होता, पण वेणी घालणं डाव्या हातानं होत नव्हतं. रोज सकाळी चहा झाला की तुम्ही खुर्चीत पाठमोऱ्या बसायचात आणि मी तेल लावून विंचरायची. माझे हात मापाचे आहेत ताई. डोकं दोन हातांत आलं की मला घेर कळतो. उजव्या कानाच्या मागे तुमच्या डोक्याला एक खळगा होता, लहानपणी झोक्यावरून पडलेल्याचा. कंगवा तिथं अडायचा. मी त्याला वळसा घालून न्यायची. तुम्ही डोळे मिटून बोलत असायचात. म्हणायचात की मेंदूला स्वतःला दुखत नाही. त्याला हात लावला, चिरलं, तरी त्याला कळत नाही. सगळ्या अंगाचं दुखणं त्याला कळतं आणि स्वतःचं नाही. "तुझ्यासारखं," असं तुम्ही एकदा म्हणालात. मी कंगवा जरा जोरात ओढला. तुम्ही हसलात.

त्या सकाळी नळाला पाणी आलं. कितीतरी दिवसांनी. मी मोटार लावली आणि घागरी, बादल्या, पातेली, दिसेल ते भरत सुटले. हे रांजण धुऊन देत होते. तुमचा चहा राहिला. कंगवा घेऊन मी तुमच्या खोलीत आले तेव्हा तुम्ही गेला होतात. हाक मारली होती का तुम्ही? मोटारीचा आवाज होता. मारली असेल तर मला आली नाही. हे मी यांना अजून विचारलेलं नाही, त्यांना आली होती का म्हणून.

मी तुम्हाला नीट झोपवलं आणि केस विंचरले. रोजचंच काम होतं, हातात कंगवा होताच. खळगा आला, वळसा घातला. तेवढ्यात हे दारात येऊन उभे राहिले. डोळे लाल, पण उभे होते. म्हणाले, "कॉलेजला फोन करायचा ना? ताईचं सांगणं होतं. तू केलास का?"

मी म्हणाले, "केला. तिथं पाणी नाही म्हणतात. सध्या देह घेत नाहीत."

ताई, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगते. मी काही ठरवून उभी नव्हते. फोन कपाटावर होता, त्याला मी हातही लावला नव्हता. यांनी विचारलं आणि उत्तर तयारच होतं, सरळ, शिवण घालून. आणि यांनी मान हलवली. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या दिवसांत. पाणी नाही म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नव्हतं. लग्नं पुढे ढकलली, पाणी नाही. पाहुणे आले नाहीत, पाणी नाही. मी म्हटलं, देह घेत नाहीत, पाणी नाही. चाकूरहून आलेली जाऊ म्हणाली, "बया, मेल्यावरबी पाणी पायजेच का!" आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. झालं. दुपारी तुम्हाला नेलं. उन्हात लाकडं लगेच पेटली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराचा मंडप भरला होता. तुमच्या शाळेतल्या मुली आल्या होत्या, कुणी आता आजी झालेल्या. तुम्ही मला या सगळ्यात एकच सवलत दिली होती. "भंतेजींना बोलवा, वंदना होऊ द्या, त्यानं जिवंत माणसांना बरं वाटतं," असं म्हणाला होतात. तर पांढरी साडी नेसून मी पहिल्या रांगेत बसले. पंचशील सुरू झालं. प्राणिहत्येचं म्हणाले, चोरीचं म्हणाले. चौथं शील आलं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. लहानपणापासून म्हणत आलेय, जीभ आपोआप वळते. त्या दिवशीही वळली. शेजारी हे मोठ्यानं म्हणत होते.

मग जलदान, गेलेल्या माणसाच्या नावानं पेला भरून वाहू द्यायचा. पेला मांडला आणि मी त्याच्याखाली ताटाऐवजी परात ठेवली. जाऊ कुजबुजली, "परात कशाला गं?"

"पाणी सांडंल."

"सांडायलाच पायजे न्हवं?"

"परातीत सांडू दे."

भंतेजी गाथा म्हणत होते आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तांब्या धरला होता. पेला भरला, काठावरून पाणी वाहिलं, वाहत राहिलं. भरून वाहणारं पाणी बघून मागच्या रांगेतल्या बाया पुढे झुकल्या. त्या उन्हाळ्यात असं दृश्य कुणी बघितलं नव्हतं. परात अर्धी झाली. ते पाणी मी नंतर फेकलं नाही. त्यात जेवणाच्या पंगतीची भांडी विसळली. तुम्ही असतात तर शाबासकी दिली असती. बाकी कशाला दिली नसती.

कारण मग वकीलसाहेब बोलायला उभे राहिले. तुमचा आणि त्यांचा जुना वाद. उदगीर जिल्हा झाला की सगळं होईल, असं ते म्हणायचे आणि तुम्ही विचारायचात, "वकीलसाहेब, जिल्हा झाला म्हणजे पाऊस पडतो का?" ते म्हणायचे, "पाऊस न्हाई ताई, पण हापिसं येतात." "मग हापिसात पाणी कुठून आणणार?" असं तुमचं चालायचं. पण त्या दिवशी त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. म्हणाले, "ताईंनी जिवंतपणी ज्ञान दिलं, मेल्यावर देह द्यायचा होता. सत्तर किलोमीटरवरच्या लातुरात पाणी न्हाई म्हणून ती इच्छा अपुरी राहिली. आपला जिल्हा असता, आपलं कॉलेज असतं, तर आज असं झालं असतं का?" मंडपातून "न्हाई, न्हाई" असा आवाज आला. कुणीतरी घोषणा दिली. तुमच्या फोटोसमोर मेणबत्त्या जळत होत्या आणि माझ्या खोट्यावर टाळ्या पडत होत्या.

मला तेव्हा उठून बोलता आलं असतं. मला बोलायची भीती कधीच नव्हती. नगरपालिकेत जाऊन मी पाण्यासाठी साहेबाच्या टेबलावर घागर आपटलेली आहे. मी बसून राहिले. पंगतीचं बघायचं आहे, असं कारण मला त्या वेळी पटलं होतं.

दोन दिवसांनी मी कॉलेजला फोन केला. का केला, कोण जाणे. माझं खोटं चुकून खरं निघेल, अशी आशा असावी. फोनवरच्या माणसाला विचारलं, सध्या पाण्यामुळं देहदान बंद आहे का? तो म्हणाला, "न्हाई हो बाई. पाण्याचा काय संबंध? कुणी हाय का तुमच्याकडं? घेऊन या की." मी म्हणाले, होतं. आता नाही. तो "बरं बरं" म्हणाला.

म्हणजे डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांच्या हातात तुमचं डोकं गेलं असतं ताई. तुम्हाला तेच पाहिजे होतं. "माझ्या मेंदूत कुठं काय झालं ते मला बघता येणार न्हाई, निदान त्यांना तरी बघू दे," असं म्हणाला होतात. माणूस बघण्यासाठी आहे, तर शेवटी दाखवण्यासाठीही असेल. तुमचं सगळं आयुष्य सरळ त्या टेबलापर्यंत जात होतं आणि शेवटच्या वळणावर मी उभी राहिले. आणि राख केली. तुम्ही म्हणाल, राखेतही तेच अणू आहेत, कुठं जात नाहीत. तुम्ही मला सोडवायला बघाल, मला माहीत आहे. नका सोडवू.

काल वकीलसाहेब गेल्यावर मी यांना सांगितलं. हे भिंतीला टेकून वाटाणे सोलत होते. मी म्हणाले, "कॉलेजला मी फोन केला नव्हता. पाण्याचं मीच सांगितलं."

यांनी शेंग हातात धरून ठेवली. मग म्हणाले, "का?"

मी म्हणाले, "कानामागं खळगा होता ना त्यांचा. रोज विंचरायची मी. तिथं कुणी करवत लावणार, असं मनात आलं. मला देववलं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मला सांगायचं होतंस. मी म्हणालो असतो नको देऊ म्हणून."

"म्हणूनच. तुम्ही न्हाई म्हणाल, मी हाव म्हणीन, म्हणून तर माझ्याकडं दिलं होतं."

त्यांनी शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले. "ताईची चुकली म्हणायची माणसाची पारख," असं म्हणाले आणि उठून आत गेले. रागावलेत की नाही ते अजून कळलेलं नाही. आज सकाळी चहा त्यांनी केला. दोनच कप. तिसरा आधी काढला होता, मग परत ठेवला.

तर वकीलसाहेब, लातूरच्या कॉलेजात त्या दिवशी पाणी होतं की नव्हतं, मला माहीत नाही. त्यांनी आमच्या ताईंना नाकारलं नाही. मी दिलं नाही. जिल्हा मागा, जरूर मागा, मीही सही करते. यावर मागू नका.

ताई, आता आपलं भांडण. तुम्ही जिंकलात, एवढं कबूल. माझं डोकं आधी कारण बघतं म्हणत होते आणि भर घरात, शुद्धीवर असताना, कुणी काहीही न कापता, माझ्या तोंडानं त्या रोग्यासारखं उत्तर दिलं. त्याचं थंड पेय, माझं पाणी. पण रात्रंदिवस एक गोष्ट डोक्यात अडून बसलीय, कंगवा अडायचा तशी. यांना मी खळग्याचं कारण सांगितलं. ते तरी खरं आहे का? की तेही मागूनच शोधलं? ऐकायला बरं वाटेल असं, मायेचं, लेखात शोभेल असं? कदाचित मी नुसती भ्याले असेन. कदाचित पाणी यायचं बंद होण्याआधी रांजण भरायचे होते आणि लातूरची यातायात नको वाटली असेल. तुम्ही उंबऱ्यावर कप घेऊन बसला असतात, तर दोन प्रश्नांत मला उघडं पाडलं असतं. हे फक्त तुम्हालाच जमत होतं, आणि ते डोकं मी जाळून टाकलं.

त्या सकाळी स्वातीहून जो उजेड निघाला, तो इथं पोचेल तेव्हा मी बहुतेक नसेन. उदगीर जिल्हा झाला असेल की नाही, ते वकीलसाहेबांची नातवंडं बघतील. उजेडाला त्याचं काही नाही. पण कुणीतरी वर बघायला पाहिजे, असं तुमचं म्हणणं. टाक्यांच्या मधे एक फट आहे. तुमची बाज तिथं मावत नाही, मी मोजून बघितलं. एक माणूस उभं राहू शकतं.

नळाला पाणी आलंय. लिहिता लिहिता मोटार लावून ठेवली होती, टाकी भरत आली असेल. उठते. वाहून जायला नको, आणि तो आवाज चालू असला की घरात दुसरं काहीच ऐकू येत नाही.